तिसरं बेअरिंग

ता. १२ नोव्हेंबर १९४४, रविवार

सकाळी बाबूलाल मिस्त्री आणि भाताच्या मिलचे दोन हमाल आले. ह्यांची मोटरगाडी शेडमधून ढकलत अंगणात चिंचेखाली आणली. रेल्वेचे जुने स्लीपर रचून पुढची चाकं त्यावर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले. दुपारी सगळे गेले. मी ओसरीवरून पाहत होते.

हे गेल्याला काल आठ आठवडे झाले.

वामनभाऊजींचं म्हणणं, गाडी मिलच्या आवारात नेऊन उघडावी, तिथे हत्यारं आहेत. मी म्हटलं, इथेच उघडा. "वहिनी, तुम्हाला त्यातलं काय कळतं?" कळत नाही. पण जे निघेल ते माझ्यासमोर निघावं. तसं सांगितलं नाही. म्हटलं, सासूबाईंना गाडी फाटकाबाहेर ढकलत नेलेली बघवणार नाही. सा.बा. जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माळ थांबवून भाऊजींकडे पाहिलं आणि भाऊजींनी विषय सोडला.

तिरोड्याचे एक लाकडाचे ठेकेदार गाडी घेणार आहेत. चालू करून द्यायची. पाच डिसेंबरला येतील. भाऊजींचं लग्न माघात ठरलं आहे, त्याआधी गाडी घरातून जावी अशी त्यांची इच्छा. अपशकुनी म्हणतात.


ता. १३, सोम.

कुणाशी बोलता येत नाही म्हणून लिहून ठेवते.

११ सप्टेंबरला सकाळी हे दशरथ ड्रायव्हरला घेऊन व्हिजिटला गेले. पाऊस होता. परतले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी भाड्याच्या बैलजोडीनं गाडी ओढत दारात आणली. हे आत बसलेले, अंगात ताप. दशरथनं भाऊजींना सांगितलं की चोरखमारा तलावाच्या पाळीवर, बांधावरच्या रस्त्यावर, इंजिन ठोकायला लागलं आणि तिथेच बसलं. पाचव्या दिवशी सगळं संपलं. छातीत कफ. डॉक्टर असून काही करता आलं नाही.

एक. व्हिजिटच्या वहीत रोज पेशंटचं नाव, गाव, आजार असतो. ११ तारखेला फक्त 'चोरखमारा'.

दोन. दशरथ दारात भाऊजींना म्हणाला, "साहेबानं पट्टा देला." मी आत ह्यांच्यापाशी होते, मी ऐकलं नाही. भाऊजींनी नंतर सांगितलं. सा.बा.ना कळेना. "पट्टा म्हणजे कागद, आई. शेत कसायला लिहून दिल्याचा. चोरखमाऱ्याचं शेत दादानं सगुणेला देऊन टाकलं." सगुणा ते शेत कसते. तिचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली. दर दिवाळीला नवा तांदूळ घेऊन येते. या दिवाळीला आली नाही.

तीन. तापात तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "दशरथला काही विचारू नका." मी एकटीच होते.

चार. हे कुणालाच माहीत नाही. त्या दिवशी मी ओले कपडे बदलले तेव्हा विजारीला बेल्ट नव्हता. बँडेजची पट्टी कमरेला गुंडाळून गाठ मारली होती. विचारलं. "राहू दे," म्हणाले.

बेल्ट माणूस कुठे काढून ठेवतो?

याच्यापुढे लिहवत नाही.


ता. १५, बुध.

मिस्त्री संध्याकाळी मिल सुटल्यावर येतो. उजेड असेतो काम. धानाचा हंगाम पुरता लागला की त्याला फुरसत मिळणार नाही, म्हणून घाई.

आज इंजिनाखालचं झाकण सैल करून तेल घमेल्यात काढलं. भाऊजी हजर. "बघ, जवसाचं निघेल. लढाईच्या दिवसात चांगलं तेल विकून टाकायला दशरथला कितीसा वेळ?" मिस्त्रीनं बोटांत तेल चोळलं, वास घेतला, घमेलं ओसरीच्या कडेला आणून ठेवलं.

"आप सूँघो, डाक्टरीनबाई. अलसी का तेल आपके चूल्हे पे रोज चढ़ता है. मुझसे ज्यादा आप पहचानो."

वाकून वास घेतला. जवसाचं नव्हतं. ह्यांच्या खाकी शर्टाला यायचा तोच वास. थोडा वेळ आत जाऊन बसले.

परत आले तेव्हा मिस्त्री घमेल्याच्या तळातला गाळ फडक्यावर पसरून बसला होता. चांदीच्या चुऱ्यासारखं काहीतरी चमकत होतं. म्हणाला, हीच बेअरिंगं. दांड्यांच्या टोकाला पांढऱ्या धातूचा थर असतो, तो उडाला.

भाऊजी लगेच, "मग झालं. नवीन टाक. बाकी खोलून काय करायचंय?"

"नया कहाँ से टाकूँ वामनरावजी? लड़ाई में सुई नहीं मिलती. चारों खोलूँगा, गलाऊँगा, यहीं ढालूँगा. मिल के इंजन का ऐसेच करता हूँ."

तेलात खोट नव्हती. म्हणजे दशरथवरचा तो आळ खोटा. पण भाऊजी 'खोलू नका' का म्हणाले?


ता. १७, शुक्र.

पहिलं आणि दुसरं बेअरिंग उघडलं. थर झिजलेला, तडे गेलेले. मिस्त्रीनं दोन्हींवर खिळ्यानं आकडे कोरले आणि माझ्याजवळच्या सुपात ठेवायला दिले. उरलेली रविवारी.

भाऊजी एरवी दिवेलागणीआधी घरी येत नाहीत. या आठवड्यात रोज चारलाच येतात. गाडीपाशी हात मागे बांधून उभे असतात.

सा.बा. म्हणाल्या, "वामनला भावाची आठवण येते म्हणून उभा राहतो." असेल.


ता. १९, रवि.

तिसरं उघडलं.

मिस्त्री पाठीवर झोपून खाली गेला होता. पान्याचा आवाज थांबला. मग खालूनच म्हणाला, "डाक्टरीनबाई, ये गाड़ी लास्ट में किसने खोली थी?"

"कुणी नाही. मुंबईहून आणली तेव्हापासून आत कुणी हात घातला नाही."

"तो फिर ये कौन पहना के गया?"

हात बाहेर आला. तळव्यावर काळी, तेलात चिंब, गोल वळलेली पट्टी. चामडं.

मिस्त्रीनं समजावून सांगितलं. वाटेत बेअरिंगचा थर उडाला की दांडी आतल्या आसावर लोखंडावर लोखंड आपटते. तेव्हा चामड्याची पट्टी कापून तेलात भिजवायची, आसाभोवती गुंडाळायची आणि वरून दांडी परत कसायची. गाडी चालते. हळू, थोडी, पण चालते. "मोटर का पुराना जुगाड़ है. जिसने किया उसका हाथ अच्छा था. किनारा देखो, उस्तरे से काटा जैसा."

भाऊजी म्हणाले, "दशरथाचंच काम. कुठल्या तरी मेलेल्या ढोराचं चामडं. फेकून दे." मी म्हटलं, ठेवा. ते माझ्याकडे बघत राहिले. "काय करणार त्याचं?" वाटीत रॉकेल घालून त्यात ठेवलं.

दुपारी काडीनं उलगडून पाहिलं. चेंगरून पातळ झालं आहे, एका बाजूला जळलं आहे. पण त्यात तीन भोकं आहेत. दोन सरळ रेषेत, गोल. तिसरं जरा बाजूला, वाकडं.

ते मी पाडलं होतं. गेल्या साली टायफॉइडनंतर विजार राहीना म्हणून. दाभणानं. हे म्हणाले होते, "माझ्या ऑपरेशनला तुला उभं करायला नको."


ता. २०, सोम.

सकाळपासून एकच शब्द डोक्यात. दशरथ 'बेल्ट' म्हणत नाही. त्याच्या बोलण्यात कमरेला असतो तो पट्टा.

साहेबानं पट्टा देला.

दोन महिने घरानं शेताच्या कागदांची पेटी उपसली. मी सगुणेच्या नावानं मनात काय काय म्हटलं. आणि तो बिचारा बेल्टबद्दल सांगत होता.

ऑपरेशनच्या चाकूनं कापला असणार, म्हणून कडा तशी. बॅगेतलं एनॅमलचं तसराळं त्या दिवशी काळं तेलकट आलं होतं, मी राखेनं घासलं होतं. इंजिनातलं तेल त्यात काढलं असेल. पावसात, चिखलात, गाडीखाली निजून. आणि कमरेला बँडेज. मग मला 'राहू दे' का म्हणाले? सांगितलं असतं तर काय झालं असतं? दमले असतील. तेवढंच असेल.

सा.बा.ना वाटी दाखवली, सगळं सांगितलं. त्यांनी काडीनं भोकं मोजली. "म्हणजे शेताचा पट्टा नाही?"

"नाही."

"कुत्र्याच्या गळ्यातला तोही पट्टाच की गं. आम्हाला एवढं सुचू नये." पदर तोंडाला लावला. हसल्या की रडल्या कळलं नाही.

आज पहिल्यांदा चार घास जेवले.


ता. २१, मंगळ.

भाऊजींना सांगितलं. वाटलं होतं, शेत गेलं नाही म्हणून बरं वाटेल. म्हणाले, "असेल." चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "आणखी काही सापडलं?"

आणखी काय सापडायचं होतं?


ता. २२, बुध.

चौथंही निघालं. मिस्त्री दांड्या घासून साफ करत होता. मी सहज विचारलं, ही पट्टी किती चालली असेल. पाळीवर घातली आणि पाळीवरच गाडी बसली, म्हणजे काही उपयोग झाला नाही ना?

त्यानं वाटीतून काढून उजेडात धरली.

"वहीं डाली, वहीं बैठी, तो चमड़ा कोरा निकलता. ये तो घिसा है, जला है. दस मील चला है. कम नहीं."

"दहा मैल?"

"बारह बोलो. दस से कम नहीं बोलूँगा."

पाळीपासून घराकडे गाडी बैलांनी ओढली. चाकांच्या दांड्याला बांधलेला दोर मी स्वतः पाहिला. मग हे दहा मैल कुठले?

सगुणेचं घर पाळीच्या पुढे आहे. पाच-सहा मैल. जाऊन येऊन—

दोन दिवस बरं वाटलं होतं.


ता. २४, शुक्र.

मिस्त्रीला म्हटलं, चोरखमाऱ्याकडच्या धानाच्या बंड्या, बैलगाड्या, तुमच्या मिलवर येतात. दशरथ तिथलाच. त्याला निरोप द्या, बाईनं बोलावलं आहे. दुपारच्या वेळी यावं. भाऊजींना सांगू नका.

मिस्त्रीनं विडी विझवली. "मैं मिल का मिस्त्री हूँ. मेरे को इंजन के सिवा कुछ सुनाई नहीं देता."


ता. २६, रवि.

आज ओतकाम. अंगणात लोहाराची शेगडी लावली. जुना धातू आणि मिलमधून आणलेला नव्या धातूच्या विटेचा तुकडा लोखंडी पळीत वितळवला. दांडीच्या टोकाला नवसागर लावून कथील चढवलं, मधे लोखंडी नळी उभी केली, फटी ओल्या मातीनं लिंपून ती माती आधी चांगली सुकवली. ओल राहिली तर धातू उडतो, डोळे जातात म्हणाला. सा.बा.ना आत जायला सांगितलं. त्या गेल्या नाहीत.

ताव कळायला मिस्त्री धातूत बांबूची चोय, चिरलेली पातळ काडी, बुडवतो. पेटली तर फार, नुसती तांबूस झाली तर बरोबर. चार दांड्या एका दमात ओतल्या. तिसरी बिघडली, मधे पोकळ निघाली. परत वितळवून ओतली. "ये तीन नंबर को नजर लगी है," म्हणाला. सा.बा. उठल्या, मीठ-मोहऱ्या आणून दांडीवरून ओवाळून शेगडीत टाकल्या. मिस्त्री हात जोडून उभा राहिला.

भाऊजी आज नव्हते. शेतावर गेले आहेत, कापणी बघायला.

ते दर महिन्याला जातात. हे गेल्या दोन वर्षांत शेताकडे फिरकले नव्हते. जुनी वही काढून पाहिली. व्हिजिटच्या वहीत ११ सप्टेंबर सोडला तर त्या बाजूचं गाव नाही.


ता. २७, सोम.

आता खरडकाम. आसावर तेलात कालवलेला शेंदूर पातळ फासायचा, नवं बेअरिंग कसून हँडल दोनदा फिरवायचं, परत उघडायचं. जिथे शेंदूर उमटला तिथे उंचवटा. तेवढाच कानशीच्या तीनधारी पात्यानं खरडायचा. परत शेंदूर, परत कसायचं. सगळीकडे सारखे ठिपके उमटेपर्यंत.

मिस्त्रीचे डोळे संध्याकाळच्या उजेडात पोचेनात. डोळे चोळत बसला. मी ओसरीवरून म्हटलं, डाव्या कडेला तीन ठिपके आहेत, तुम्ही दोनच खरडलेत. त्यानं वळून पाहिलं.

"आपको वहाँ से दिखता है?"

"तांदळातला खडा दिसतो."

"तो पकड़ो. ताकत नहीं चाहिए, आँख चाहिए. साय उतारते हैं दूध पर से, वैसा. बस."

दुकानदारानं म्हणे त्याला विचारलं, शेंदूर कोणत्या देवाला. "मैं बोला, चार नंबर के देवता हैं, चिंच के नीचे बैठे हैं."


ता. २८, मंगळ.

दुपारभर ओसरीच्या तट्ट्याआड बसून पहिलं बेअरिंग खरडलं. हात आधी घाबरत होता. मग बसला. धातू मऊ आहे, नखासारखे कपचे निघतात.

सा.बा. अचानक आल्या. माझे दोन्ही हात लाल. त्या जागीच थांबल्या.

"हे काय गं?"

"मिस्त्रीचा शेंदूर आहे. बेअरिंगला लावायचा."

मी हात मागे घेतले. त्यांनी खाली बसून दांडी उचलली, फिरवून पाहिली. "मारुती केलात की गाडीचा." मग जरा वेळानं, "इथे एक ठिपका राहिला." त्यांना दिसला होता.

तासभर दोघी बसलो.


ता. २९, बुध.

दशरथ आला. दुपारी, मागच्या दारानं. वाळला आहे. हातात फडक्याचं गाठोडं. उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला, पाणी दिलं ते प्यायला नाही आधी.

"घ्या बाई. तवाच आनला होता. वामनरावानं आत येऊ नाही देलं."

फडक्यात बेल्ट. बकलाकडची बाजू, भोकांकडचा वीतभर कापलेला.

"भाऊजींना तू काय सांगितलं होतंस?"

"हेच. म्हनलं, साहेबानं पट्टा देला म्हनून गाडी पाळीपावत तरी आली. त्याइनं अर्धंच आयकलं. कोनाले देला, कोनाले देला म्हनून मानगुटीले हात घालून गच्चीच धरली. म्या म्हनलं, गाडीले. तं म्हने, माह्यी मस्करी करतं काय बे, अन् देली कानाखाली." गालावर हात ठेवून जरासा हसला. "गाडीले पट्टा देला म्हनल्यावर कोनीबी मारंल म्हना."

मलाही हसू आलं. मग विचारलं, "पाळीपर्यंत आली, ती कुठून?"

तो नखानं उंबरा खरवडू लागला.

"मिस्त्री म्हणतो, चामडं दहा मैल चाललं."

"मिस्त्रीले कायले सांगाव लागते सगडं."

"दशरथ."

"जातानीच ठोकून राहिली होती बाई. पाळीवर बंद पडली. मी म्हनलं, साहेब, पट्टा लावून मागं फिरू, हळूहळू घरी जाऊ. साहेब म्हने, पुढं चाल. दोन घंटे पान्यात खाली निजून लावला त्याइनं. मले हात नाही लावू देला, म्हने तुह्ये हात थरथरते. तेथून पुढं गेलो. वापस येतानी पाळीवर आलो अन् बसली. तवा बैल पाह्यले."

"पुढे कोणाकडे?"

तो पाणी प्यायला. तांब्या उपडा करून ठेवला.

"बाळंतपन होतं. अडलं होतं."

"कोणाचं?"

"साहेबानं कोनाले सांगू नोको म्हनलं."

"साहेब गेले रे."

"म्हनूनच तं. असते तं इचारलं असतं, सांगू का म्हनून. आता कोनाले इचारू?"

मी म्हटलं, "सगुणा?"

त्यानं फडकं झटकलं, चौघडी घातली, खांद्यावर टाकलं.

"मूल?"

"जितं आहे."

"आई?"

"तेबी."

उठताना म्हणाला, गाडी सुरू झाली की चालवायला येईन, दुसऱ्याच्या हातात नवीन बेअरिंग देऊ नका.

तीन वर्षांपूर्वी नवरा गेलेली विधवा. हे तिच्याकडे पावसात, मोडकी गाडी पुढे दामटत गेले. वहीत नाव लिहिलं नाही. मला 'राहू दे' म्हणाले. दशरथला विचारू नका म्हणाले.

कुणाला पाठीशी घातलं? तिला? स्वतःला?

की आणखी कुणाला.


ता. ३० नोव्हेंबर, गुरु.

दिवसभर तिसरं बेअरिंग घेऊन बसले. ठिपके सारखे येईनात. एका कडेलाच उमटतात. खरडलं की दुसऱ्या कडेला. मिस्त्री संध्याकाळी म्हणाला, "ज्यादा मत निकालो, ढीला हो जाएगा. फिर निकाला हुआ वापस नहीं लगता." काढून घेतलं माझ्या हातातून.

भाऊजी शेतावरून आले. नवा तांदूळ आणला. सा.बा.नी विचारलं, "सगुणा का नाही आली?"

"तिला बरं नसतं."

"काय होतंय?"

"मला काय माहीत आई. कुणीतरी सांगितलं."

शेतावर चार दिवस राहिले आणि 'कुणीतरी सांगितलं'. तांदळाचं पोतं त्यांनी स्वतः आत नेऊन ठेवलं. एरवी हमालाला हाक मारतात.

लिहिताना मलाच माझी शरम वाटते. लग्न ठरलेला माणूस. पाटपाणी मीच करते. काही ठाऊक नाही मला. ह्यांच्याबद्दलही ठाऊक नाही.


ता. १ डिसेंबर, शुक्र.

चारही बेअरिंगं बसली. पितळी पत्र्या घालून मिस्त्रीनं दांड्या कसल्या. हँडल आधी दोन माणसांना हलेना, मग एकाला हलू लागलं. "टाइट अच्छा है. खुद जगह बना लेगा."

खालचं झाकण लावलं. तेल मी ओतलं. गाळणीला ह्यांचा जुना रुमाल लावला. मिलवरून परतणाऱ्या बंडीबरोबर दशरथला रविवारी यायचा निरोप धाडला.


ता. २, शनि.

इंजिन सुरू झालं. चौथ्या हँडलला. सा.बा. दारात आल्या. आवाज तोच. ठोका नाही. मिस्त्रीनं लाकडाचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून चारही जागा ऐकल्या, मग मला दिलं. तिसऱ्यापाशी मी जास्त वेळ ऐकलं. सारखा आवाज आहे.

मिस्त्री म्हणाला, विकण्याआधी वीस-पंचवीस मैल सावकाश चालवा, म्हणजे बेअरिंगं मुरतात. कोठीत ह्यांचा शेवटचा पेट्रोलचा डबा आहे, त्यात तेवढं भागेल. सोमवारपासून त्याची मिल दिवसरात्र चालणार. हात पुसून निघाला. मी ओसरी उतरून फाटकापर्यंत गेले. तो म्हणाला, "बाई, आपका हाथ लगा है उसमें. बेचने का मन न हो तो अभी बोल दो, ठेकेदार को मैं बोल दूँगा कि इंजन में दम नहीं." म्हटलं, बघते.

भाऊजी जेवायला बसले होते. भात वाढताना विचारलं, "उद्या सकाळी दशरथ गाडी फिरवायला येणार आहे. कोणत्या रस्त्याला न्यायला सांगू?"

दशरथचं नाव ऐकून घास हातात राहिला. पण दशरथबद्दल काही विचारलं नाही. म्हणाले, "आमगावकडे न्या. नाही तर मुर्रीकडेच दोन फेऱ्या मारा. चोरखमाऱ्याकडे नको. रस्ता खराब आहे."

मी चोरखमाऱ्याचं नाव घेतलं नव्हतं.

सा.बा. भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी डोळे उघडले, भाऊजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत मिटले. भाऊजींनी ताक मागितलं नाही, हात धुतला आणि बाहेर गेले.

विधवेनं वर्ष व्हायच्या आत बाहेर पडायचं नसतं. उद्या मीही गाडीत बसेन. सा.बा.ना विचारणार नाही. त्या नाही म्हणतील की हो म्हणतील, दोन्हीची भीती वाटते.

ओसरीवर ह्यांची बॅग घेऊन बसले. तिचा बंद तुटला म्हणून बांधलेली सुतळी सोडली. त्या जागी बेल्टचा उरलेला तुकडा गुंडाळून पाहिला. लांबी पुरते, बकल आहे, पण भोकं सगळी कापलेल्या बाजूला गेली. दाभण आणलं, टोकाला खोबरेल लावलं, पाट खाली घेऊन भोक पाडलं. पुन्हा जरा वाकडंच पडलं. बकल लागलं. सुतळी गुंडाळून खुंटीला अडकवली.